'ताई, मला तिकडं झोप लागायची'

पत्र :

ताई, मी कोरेगाव तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. माझा धाकटा भाऊ अग्निवीर आहे, म्हणजे चार वर्षांसाठी फौजेत भरती झालेला. जानेवारी २०२३ मध्ये ट्रेनिंगला गेला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्याचा ऑनलाइन फॉर्म मीच भरला होता, घरात कुणाला न सांगता. २०२५ च्या मे महिन्यात तो पूंछकडे नियंत्रण रेषेवर होता. ते चार दिवस फोन लागला नाही. नंतर 'मी ठीक आहे' एवढंच बोलला. आता एक महिन्याच्या सुट्टीवर आलाय. रात्री झोपत नाही, विहिरीच्या काठावर बसून राहतो. चुलतभावाच्या वरातीत फटाक्यांची माळ लागली, तर यानं शेजारी उभ्या असलेल्या आमच्या भाच्याला ओढलं आणि त्याला घेऊन ट्रॉलीखाली आडवा झाला. लोक हसले. त्या दिवसापासून तो घराबाहेर पडत नाही. आप्पांचा आणि काकांचा बांधावरून वाद चालू होता, तर एकदम ओरडला, 'हातभर जमिनीसाठी भांडताय?' आणि हातातला तांब्या भिंतीवर फेकला. आता रोज रात्री थोडी घेतो. आई अंगारा लावते. आप्पा म्हणतात, लग्न केलं की सुधारेल. चार वर्षं भरायला थोडेच महिने राहिलेत. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, 'ताई, मला तिकडं झोप लागायची. इथं नाही लागत.' मी त्याला बोलतं करू का? गावात म्हणतात तसं त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय का? आणि फॉर्म मी भरला होता, हे मला सारखं आठवतं.

– एक बहीण

उत्तर :

माझ्या लेकी, तुझ्या पत्रातलं त्याचं शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तिथूनच सुरुवात करते, कारण बरंचसं उत्तर त्यानंच दिलंय.

माझे वडील १९७१ च्या लढाईत जमालपूरला होते, मराठा पलटणीत. पेन्शनीवर घरी आले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आत खोली असून ते कधी आत झोपले नाहीत. ओसरीवर बाज, डोकं भिंतीकडे, तोंड फाटकाकडे. तरी रात्रीतून तीनदा उठायचे आणि गोठ्यापर्यंत चक्कर मारून यायचे. माझी आई चौथी शिकलेली. कुठल्या डॉक्टरनं तिला काही सांगितलं नव्हतं. पण कधीतरी तिच्या लक्षात आलं, आणि रोज रात्री निजायच्या आधी ती त्यांच्या बाजेपाशी उभी राहून सांगायला लागली : 'गोठ्याला कडी घातलीय. कुत्रं सोडलंय. पोरं आत आहेत. बारापर्यंत मी जागी आहे, निजा.' आणि ती खरंच जागी राहायची, कंदिलाच्या उजेडात निवडण-टिपण करत. वडिलांना झोप लागायची.

मोठी झाले आणि सैनिकांच्या घरांतून काम करायला लागले, तेव्हा मला कळलं की आई रोज पहाऱ्याचा रिपोर्ट देत होती.

तुझ्या भावाला तिकडं झोप का लागायची? तो मोर्चात, म्हणजे खंदकात, आडवा व्हायचा तेव्हा बाहेर दुसरा कुणीतरी संतरी असायचा. दोन तासांनी पाळी बदलणार, बदलणारा त्याला उठवणार, हे ठरलेलं असायचं. जिवाची काळजी वाटून घेतलेली होती. इथं तुम्ही सगळे दार लोटून, दिवा मालवून एकदम झोपी जाता. त्याच्या अंगाच्या हिशेबानं या घराला पहाराच नाही. म्हणून तो विहिरीच्या काठावर बसतो. लोकांना वाटतं पोरगं भरकटलंय. मला वाटतं तो ड्युटीवर आहे.

फटाक्यांचंही तेच. ७ मे २०२५ च्या पहाटेपासून पूंछवर जो तोफमारा सुरू झाला, त्यात गावातली साधी माणसं, लहान मुलं गेली. १० मे च्या संध्याकाळी पाचला शस्त्रसंधी झाली, म्हणजे मोजून चार दिवस. पण त्या चार दिवसांत आवाज ऐकल्याबरोबर जो आडवा झाला तो वाचला, आणि 'हा कसला आवाज' म्हणून विचार करत उभा राहिला तो गेला. त्याच्या आधी ट्रेनिंगमध्ये सहा-सात महिने उस्तादांनी त्याला हेच शिकवलं होतं : विचाराच्या आधी अंग हललं पाहिजे. वरातीत त्याचं अंग हललं. आणि बघ, तो एकटा नाही आडवा झाला. शेजारच्या पोराला अंगाखाली घेतलं त्यानं. जे हसले त्यांना हे सांगायला तुझे आप्पा गेले पाहिजेत. तू नको, आप्पाच. आणि भाच्यालाही सांगा, तो घाबरला असेल. मामाला वाटलं तोफ आहे, म्हणून मामानं तुला झाकलं. एवढं सांगितलं तरी पोराला कळतं.

तेव्हा 'डोक्यावर परिणाम' हा शब्द तुमच्या घरातून आधी काढून टाका. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, इंग्रज डॉक्टरांनी याला 'शेल शॉक' म्हटलं. व्हिएतनामच्या युद्धानंतर, १९८० साली, अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी त्याला आजचं नाव दिलं, पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा ताण. तुझ्या भावाला तो आहे की नाही हे मी पत्रावरून ठरवणार नाही, ते डॉक्टरनं समोर बसवून ठरवायचं. पण शंभर वर्षांहून अधिक काळ जगभरच्या धडधाकट, शूर पोरांना हे झालंय. तुझ्या जिल्ह्यातलंच आपशिंगे घे. तिथल्या ४६ जणांनी पहिल्या महायुद्धात जीव दिला म्हणून सरकारनं स्मारक उभारलं, गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागलं. पण जे जिवंत परत आले, रात्री दचकून उठायला लागले, त्यांची नोंद कुठल्याच दगडावर नाही. ती त्यांच्या बायकांना, बहिणींनाच माहीत होती.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेले मराठे बोटीनं परतले. कित्येक दिवस समुद्रावर, आपल्याच कंपनीतल्या लोकांबरोबर. रडणं, भांडणं, मेलेल्यांची आठवण काढणं, यातलं बरंचसं बोटीवर होऊन जायचं. तुझा भाऊ जम्मूला झेलममध्ये बसला आणि दोन रात्रींत पुण्याला उतरला, तिथून एसटी. आजूबाजूला सगळी अनोळखी माणसं, हातात फोन. अंग घरी आलं, पण बाकीचा माणूस अजून वाटेत आहे. त्याला पोहोचायला वेळ द्या.

आता बोलतं करण्याचं. समोर बसवून 'सांग रे काय झालं तिकडं' असं मुळीच विचारू नकोस. 'किती मारले', 'भीती वाटली का' हे तर घरात कुणीच विचारायचं नाही, पाहुण्यांनीही नाही. पाहुण्यांना दारातच सांगायचं. आता तुमच्याकडे आल्याच्या लागणीचे दिवस असतील. बेणं निवडायला त्याच्या शेजारी बस. हाताला काम असलं, डोळे खाली असले की माणूस बोलतो. लंगरात, म्हणजे त्यांच्या भटारखान्यात, जेवायला काय असायचं विचार. बडी, म्हणजे जोडीदार जवान, कोण होता, कुठला होता, त्याची आई काय करते, हे विचार. तो दहा मिनिटं गप्प बसला तर तूही गप्प बस. आणि एखाद्या दिवशी तो असं काही सांगेल की तुझ्या पोटात गोळा येईल. तेव्हा 'जाऊ दे, विसर आता' म्हणू नकोस. 'तू तरी काय करणार होतास' असं म्हणून त्याची बाजूही घेऊ नकोस. 'बरं झालं मला सांगितलंस' एवढं पुरे.

त्याचा बडी किंवा कंपनीतला कुणी मित्र सांगली-कोल्हापूरकडचा, जवळपासचा असेल, तर त्याला दोन दिवस घरी बोलाव. ते दोघं रात्रभर जागतील, हसतील, तुम्हाला न कळणाऱ्या भाषेत बोलतील. त्यांना जागू द्या. असे दोन दिवस मी पुष्कळ घरांत औषधासारखे लागू पडताना बघितले आहेत.

घरातल्या काही साध्या गोष्टी. झोपेत असताना त्याला हलवून उठवायचं नाही. पायाकडून, दोन हात लांब उभं राहून नावानं हाक मारायची. आईला हे नीट सांग, नाहीतर एखाद्या रात्री माऊली प्रेमानं कपाळावर हात ठेवायला जाईल आणि तो दचकून तिचाच हात पिरगाळेल. मग आयुष्यभर दोघांना ते सलत राहील. वरात, जत्रा, शोभेची दारू जवळपास असेल तर दिवस आणि वेळ त्याला आधी सांगायची. माहीत असलेला आवाज निम्मा होतो. वळवाचा गडगडाट कुणाला सांगून येत नाही, पण आभाळ भरून आलं की तू त्याच्या आसपास राहा. गावानं सत्कार ठरवला, शाळेनं भाषणाला बोलावलं, तर आधी त्याला विचारा. तो नको म्हणाला तर आप्पांनी त्याच्या वतीनं नको म्हणावं. फेटा बांधून स्टेजवर बसवलेल्या पोराला नंतर कुणापाशी रडता येत नाही.

बांधाच्या भांडणात तो बोलला त्यात खोटं काय होतं? तांब्या फेकणं चुकलं, आणि घरात वस्तू फेकायच्या नाहीत हे त्याला आप्पांनी शांतपणे सांगावं. त्याची भीती वाटून सगळं घर चवड्यावर चालायला लागलं तर त्याला ते कळेल, आणि आपण घरासाठी धोका आहोत असं त्याला वाटायला लागेल. त्याला घराबाहेरचा पाहुणा करू नका. मोटर चालू करणं, ठिबकच्या नळ्या बघणं, गाईची धार, रोजचं एक काम त्याच्या नावावर असू द्या. कुणी देखरेख करायची नाही.

रोजची दारू मला काळजीत टाकते. झोपेसाठी घेतलेली दारू झोप लावते आणि पहाटे तीनला मोडते, स्वप्नं आणखी वाईट पडतात, मग दुसऱ्या दिवशी जास्त लागते. ओरडू नका, बाटली ओतून देऊ नका. पण दिवसा, तो शुद्धीत असताना, तू एकदा स्पष्ट बोल : तुला झोप हवीय, ती मिळायला डॉक्टरकडे दुसरा रस्ता आहे.

डॉक्टरकडे कधी? महिना उलटून गेला आणि झोप, दचकणं, स्वप्नं, चिडणं कमी होत नसेल तर जायचंच. तुझ्या भावाला वर्ष झालंय, तेव्हा वाट बघायचं कारण उरलेलं नाही. साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. आजच फोन करायचा असेल तर १४४१६, टेली मानस. २०२२ च्या ऑक्टोबरपासून ही सरकारी सेवा चालू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. फौजेतल्या लोकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ पासून या सेवेचा वेगळा कक्षही प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला. तू स्वतःही फोन करू शकतेस, आजारी माणसानंच केला पाहिजे असं नाही. यावर बोलण्याचे उपचार आहेत, गोळ्या आहेत, आणि माणसं खरोखर बरी होतात. आईनं अंगारा लावला तर लावू दे, तिचा हात त्याच्या कपाळाला लागतोय ना, तेही हवंय. फक्त अंगाऱ्यावर थांबायचं नाही.

आणि आजच, हे वाचून झाल्यावर, घरातली फवारणीची औषधं आणि तणनाशकं कुलपात टाक. किल्ली तुझ्याकडे ठेव. हे मी तुला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. शेतकरी घरात रात्रीचा एक वाईट तास आणि हाताशी असलेला डबा, एवढ्यानं किती पोरं गेलीत हे तू तुझ्या पंचक्रोशीतच मोजू शकशील. तो कधी 'मी नसलो तर बरं' असं काही बोलला, आपल्या वस्तू वाटायला लागला, तर सरळ विचार : 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्यानं ते मनात येत नाही. आधीच आलेलं असतं ते बाहेर येतं. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आता ती गोष्ट, जी त्यानं तुला सांगितली नसेल पण त्याच्या मनात नक्की असेल. पलटणीत डॉक्टरला सांगितलं, मेडिकल कॅटेगरी खाली गेली, तर कायम होण्याची संधी जाईल. १४ जून २०२२ ला अग्निवीरांची ही अग्निपथ योजना जाहीर झाली तेव्हा चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांना कायम करायचं असं ठरलं होतं. चारातल्या एका जागेसाठी धडपडणारा बावीस वर्षांचा पोरगा 'मला झोप येत नाही' असं एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, जाऊन सांगेल का? त्याची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मला या व्यवस्थेतली हीच बाजू सगळ्यात जास्त टोचते : पोरानं मदत मागायची नेमकी वेळ आणि त्याची परीक्षा चालू असण्याची वेळ एकच आहे.

तरीही माझं मत आहे की त्यानं सांगावं, आणि अंगावर वर्दी आहे तोवर सांगावं. कारण दुसरी बाजूही त्याच्यापुढे ठेवली पाहिजे. आज तो लष्करी रुग्णालयात जाऊ शकतो. योजनेच्या मूळ नियमांप्रमाणे चार वर्षांनी बाहेर पडलेल्या अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जा नाही, पेन्शन नाही, माजी सैनिकांची ईसीएचएस ही उपचार योजना नाही. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वासाठी प्रमाणानुसार १५, २५ आणि ४४ लाखांची एकरकमी मदत आहे, पण ती लष्करी वैद्यकीय मंडळानं सेवेशी संबंध मान्य केला तरच. कागदावर आलं नाही ते झालंच नाही असं धरलं जातं. मे महिन्यात तो कुठे होता, कुठल्या ड्युटीवर होता, तेव्हापासून काय त्रास होतो, हे आरएमओच्या, म्हणजे पलटणीच्या डॉक्टरच्या, नोंदीत असलं पाहिजे. चालू नियम काय आहेत ते त्यानं पलटणीच्या कार्यालयातून लेखी मागून घ्यावेत, मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून नाही. मात्र निर्णय त्याचा. तुम्ही परस्पर युनिटला फोन करू नका. त्याचा तुमच्यावरचा विश्वास गेला तर मग काहीच हाती राहणार नाही. जीव धोक्यात दिसला तर ही अट लागू नाही.

लग्नाबद्दल मी कठोर बोलणार आहे, आप्पांना वाचून दाखव. लग्न हा उपचार नाही. ज्या पोराला स्वतःच्या घरात झोप येत नाही त्याच्या अंथरुणात एक अनोळखी मुलगी आणून ठेवायची, ती रात्री घाबरेल, सकाळी सासूला काय सांगेल? तिचा यात काय गुन्हा? ती कुणाची तरी तुझ्यासारखीच बहीण आहे. स्थळ थांबेल. नाही थांबलं तर दुसरं येईल.

पैशांचंही तेच. मुदत संपल्यावर सेवा निधीचे साधारण ११ लाख ७१ हजार रुपये हातात येतील. त्यातले निम्मे त्याच्याच पगारातून दरमहा ३० टक्के कापून साठवलेले आहेत. ही रक्कम अजून आलीही नसेल आणि घरात ट्रॅक्टर, स्लॅब, सोसायटीचं कर्ज अशी तिची वाटणी सुरू झाली असेल, मला खात्री आहे. सहा महिने तिला हात लावू नका. त्याच्या नावावर ठेव करा. त्याला बारावी-पदवीचं काही करायचंय का, केंद्रीय पोलीस दलांत आणि आसाम रायफल्समध्ये अग्निवीरांसाठी जागा राखीव ठेवल्यात तिकडे जायचंय का, की हत्यार पुन्हा हातातच धरायचं नाहीये, हे त्याला स्वस्थपणे ठरवू द्या. 'बंदूक चालवली, आता सिक्युरिटी गार्ड हो' असं गावात कुणी म्हणेल. तुम्ही म्हणू नका.

आणि तो फॉर्म. तू भरलास, कारण त्याला जायचं होतं. पहाटे अंधारात उठून डांबरी रस्त्यावर धावणारा पोरगा तू रोज बघत होतीस. पायात बूट नव्हते तेव्हाही तो धावत होता, असं तूच पत्राच्या मागच्या बाजूला लिहून खोडलंयस, मला वाचता आलं. धावला तो, निवडला गेला तो, गेला तोही. तू एका भावाचं मन ओळखलंस. मे महिन्यात काय होणार हे त्या फॉर्ममध्ये कुठल्या रकान्यात होतं? ही गोष्ट एकदा त्याच्याजवळ बोल. 'फॉर्म मी भरला होता, मला त्याचं वाईट वाटतं' असं त्याला सांग. कदाचित तो हसेल, कदाचित त्याला पहिल्यांदाच कळेल की या घरात आपल्यासारखं जागणारं आणखी कुणीतरी आहे.

आज रात्री तो विहिरीकडे निघाला की अडवू नकोस. घोंगडी घेऊन मागोमाग जा, थोडं अंतर ठेवून बस. पाळी वाटून घे. 'बारापर्यंत मी आहे, तू पड. बारा वाजता उठवते' असं म्हण, आणि बाराला खरंच उठव, पायाकडून, हाक मारून. पहिल्या रात्री तो झोपणार नाही. चार-पाच रात्री कर. आप्पांनाही एक पाळी दे.

तू स्वतः किती झोपतेस ते मात्र पत्रात कुठेच नाही. पुढच्या पत्रात ते आधी लिही.